हलक्या विमानावर ट्रॅफिक डिटेक्टरचा अँटेना कुठे बसवावा: नव्या तंत्रज्ञांसाठी मार्गदर्शक

ठाण्यात हलके विमान उभे करायला जागा नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कार्यशाळेच्या बाकावर केबल कापल्या जातात, कनेक्टर क्रिम्प होतात, अँटेनाखालचे पत्रे आणि ब्रॅकेट तयार होतात. ज्या विमानावर हे सगळे चढायचे असते, ते मात्र कसारा घाटापलीकडच्या एखाद्या हँगरमध्ये उभे असते. त्यामुळे आमच्याकडे नव्याने काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिली सवय लावतो ती अशी की, अँटेनाची जागा हँगरमध्ये पोचल्यावर ठरवायची नसते. ती कागदावर ठरते, पुठ्ठ्यावर तपासली जाते आणि मगच पत्र्याला भोक पडते. चुकीच्या जागी पडलेले भोक बुजवता येते, पण ते बुजवण्याची कागदपत्रे भोकापेक्षा बरीच मोठी असतात.

हा लेख दोन ते चार आसनी विमानावर ट्रॅफिक डिटेक्टर, म्हणजे आसपासच्या विमानांची सूचना देणारे यंत्र, बसवणाऱ्या नवख्या तंत्रज्ञासाठी आहे. कामाचा सगळा गाभा एका ओढाताणीत आहे: या अँटेनाला चारी दिशांना मोकळी नजर हवी असते आणि त्याच वेळी विमानावरच्या इतर अँटेनांपासून अंतरही हवे असते. लहान विमानावर मोकळ्या जागा मोजक्याच असतात आणि त्यांवर आधीच कोणीतरी बसलेले असते. पुढच्या सर्व पायऱ्या ही तडजोड डोळसपणे करण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: शेजाऱ्यांची यादी

विमानावर आधीपासून असलेल्या प्रत्येक अँटेनाची फ्रिक्वेन्सी, तो बोलतो की फक्त ऐकतो, आणि बोलत असेल तर किती जोराने, हे एका कागदावर लिहून काढावे. ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारे यंत्र, १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न ऐकतो आणि १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. एडीएस-बी, म्हणजे विमानाने स्वतःचे स्थान सतत सांगत राहण्याचे प्रसारणही, बहुतेक जगात याच १०९० वर चालते. अमेरिकेत हलक्या विमानांसाठी ९७८ मेगाहर्ट्झचा दुसरा मार्गही आहे. ग्लायडर वैमानिकांसाठी २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आलेली, टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारी फ्लार्म ही यंत्रणा युरोपात ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते आणि ऐकते. बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये असतो, जीपीएस १५७५.४२ वर फक्त ऐकतो, आणि डीएमई (जमिनीवरच्या केंद्रापासूनचे अंतर मोजणारे यंत्र) बसवलेले असेल तर ते ९६० ते १२१५ या पट्ट्यात, म्हणजे ट्रान्सपाँडरच्या अगदी दारात, प्रश्न विचारत असते. परदेशातून मागवलेले यंत्र आपल्या देशात कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालवण्याची परवानगी आहे, हे खरेदीपूर्वीच पाहावे. भारतात परवानामुक्त असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे आणि युरोपीय फ्लार्मची फ्रिक्वेन्सी त्याच्या किंचित वर पडते.

आता जोराकडे पाहावे. हलक्या विमानातला ट्रान्सपाँडर क्षणभरासाठी साधारण २०० ते २५० वॅटचे स्पंद सोडतो, तर फ्लार्मसारखे यंत्र काही मिलिवॅटमध्ये बोलते. २५० वॅट आणि २५ मिलिवॅट यांत दहा हजार पटींचा फरक आहे. ऐकण्याच्या बाजूने हा फरक आणखी विलक्षण होतो. समजा, दहा किलोमीटरवरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर आणि आपल्या अँटेनापासून एक मीटरवर असलेला आपलाच ट्रान्सपाँडर सारख्याच ताकदीचे आहेत. अंतराचे गुणोत्तर दहा हजार, आणि लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे आपला आवाज त्या दूरच्या आवाजाच्या दहा कोटी पट मोठा ऐकू येणार. कानाशी ताशा वाजत असताना चौकापलीकडून कोणी हाक मारावी, त्यातला हा प्रकार. स्पंद अतिशय छोटे असल्यामुळे काम चालते. पण रिसीव्हर प्रत्येक स्पंदानंतर क्षणभर बहिरा होतो आणि अँटेना फारच जवळ असतील तर त्याचा पुढचा नाजूक भाग कायमचा निकामीही होऊ शकतो.

अंतर दुप्पट केले की येणारी शक्ती एक चतुर्थांश होते, हा नियम पाठ असावा. वीस सेंटिमीटरवरून चाळीसवर गेल्याने जो फायदा होतो, तोच मिळवण्यासाठी दोन मीटरवरून चारवर जावे लागते. म्हणून पहिले काही हात-दीड हात मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करावा आणि त्यानंतरच्या अंतरासाठी चांगली नजर असलेली जागा सोडू नये.

दुसरी पायरी: सावलीचा नकाशा

ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर असल्यामुळे आमच्या गच्चीवरून सूर्य पंचांगात दिलेल्या वेळेच्या आधीच मावळतो. सूर्य तिथेच असतो, आपल्याला दिसत नाही एवढेच. अँटेनाच्या बाबतीत इंजिन हा डोंगर असतो, कार्बनचे धड हा डोंगर असतो, आणि वैमानिकाचे पाण्याने भरलेले शरीरही या फ्रिक्वेन्सीला चांगलाच अडथळा करते. डॅशवर ठेवलेल्या अँटेनाला समोरचे विमान छान दिसते. मागून खालून वर चढत येणारे विमान, म्हणजे वैमानिकालाही न दिसणारे, त्याला जवळजवळ दिसतच नाही.

कोणते साहित्य लहरी अडवते, हे रंगावरून किंवा वजनावरून ओळखू नये. काचतंतूचे फायबरग्लास, लाकूड आणि कापड या लहरींना बहुतेक पारदर्शक असतात. अॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर अपारदर्शक असतात. कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक आच्छादनावर, चिकटवलेली धातूमिश्रित उन्हाची फिल्म दिसायला निरुपद्रवी, पण असते पत्र्याचीच बहीण. विमान वरून एकसारखे पांढरे रंगवलेले असल्यामुळे कार्बन कुठे आहे आणि काच कुठे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच काढावे. मल्टिमीटरने रंगावरून तपासण्याचा प्रयत्न मी शिकाऊ मुलांना करताना पाहिले आहे; त्यातून रंगाचा रोध कळतो, खालच्या थराचा नाही.

आमच्याकडे एक साधी रीत आहे. संध्याकाळी हँगरचे दिवे मालवून, जिथे अँटेना बसवायचा विचार आहे तिथे झाकण काढलेल्या टॉर्चचा उघडा बल्ब चिकटवावा आणि भिंतींवर, छतावर, जमिनीवर पडणाऱ्या सावल्या विमानाभोवती फिरून वहीत उतरवाव्यात. एकदा एका मुलीने शेपटीच्या दिशेला पडलेली सावली पाहून विचारले, "सर, हे तर अर्धे आकाशच गेले ना?" तेव्हा तिला सांगावे लागले की, प्रकाश आणि रेडिओ लहरी यांत दोन फरक आहेत. फायबरग्लासची सावली भिंतीवर पडते पण रेडिओत पडत नाही, ती वहीतून खोडायची. आणि तरंगलांबीपेक्षा बऱ्याच बारीक असलेल्या वस्तूंना लहरी वळसा घालतात, त्यामुळे कॅनोपीच्या बारीक पट्टीची सावली प्रकाशात जितकी काळी दिसते तितकी रेडिओत नसते. उरलेली सावली मात्र खरी मानावी. त्या दिवशी तिने नऊ ओळी लिहिल्या होत्या, त्यांतल्या चार खोडल्या गेल्या आणि उरलेल्या पाचांवरून अँटेनाची जागा डॅशवरून छतावर गेली.

तिसरी पायरी: उभे, सरळ आणि पत्र्यावर

१०९० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर आणि तिचा चतुर्थांश जेमतेम सात सेंटिमीटर भरतो. ८६८ ला हेच आकडे साडेचौतीस आणि साडेआठ होतात. या दोन्ही फ्रिक्वेन्सींचे विमानातले अँटेना उभ्या ध्रुवीकरणाचे असतात, म्हणजे त्यांच्या लहरी वर-खाली डोलतात, म्हणून उड्डाणाच्या सरळ स्थितीत आपला अँटेनाही उभाच असला पाहिजे. शेपटीवर उभ्या राहणाऱ्या विमानात, जमिनीवर बघून सरळ लावलेला अँटेना हवेत पुढे वाकलेला असतो, ही चूक इतकी सहज होते की मी ती स्वतः केलेली आहे.

उभा अँटेना आडव्या दिशांना उत्तम ऐकतो, पण स्वतःच्या टोकाच्या रेषेत, म्हणजे थेट वर आणि थेट खाली, जवळपास बहिरा असतो. याचा उपयोगही होतो: दोन अँटेना शेजारी ठेवण्याऐवजी एक धडाच्या वर आणि दुसरा त्याच उभ्या रेषेत पोटाखाली ठेवला, तर दोघे एकमेकांच्या बहिऱ्या टोकांकडे येतात आणि मधले धातूचे धड आडही येते. धातूच्या विमानावर ट्रान्सपाँडर पोटाखाली आणि ट्रॅफिकचा अँटेना छतावर, ही मांडणी म्हणूनच मला सर्वांत जास्त आवडते. फायबरग्लासच्या धडात हा आडोसा मिळत नाही, तिथे अंतरावरच भिस्त ठेवावी.

एका काडीच्या अँटेनाला खाली धातूचा सपाट पृष्ठभाग लागतो, त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. यातल्या प्लेनचा विमानाशी संबंध नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. धातूच्या विमानात कातडीच हे काम करते. फायबरग्लासमध्ये आतून तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तबकडी लावावी लागते, तिची त्रिज्या किमान पाव तरंगलांबी असावी, जागा असेल तर त्याहून मोठी चांगली. कॅनोपीला चिकटवायच्या डायपोलला, म्हणजे दोन भुजांच्या अँटेनाला, ती लागत नाही, म्हणून काचतंतूच्या विमानात डायपोल पसंत करतात. पण त्याच्या दोन्ही भुजांशेजारी धातूची पट्टी किंवा वायरचा जुडगा नको.

चौथी पायरी: अंतरे

येथे प्रत्येक यंत्राची स्थापना पुस्तिका हा अंतिम शब्द आहे आणि दोन पुस्तिकांत वेगवेगळे आकडे असतील तर मोठा आकडा पाळावा. पुस्तिका हाती येईपर्यंत नियोजनासाठी मी असे धरतो: ट्रान्सपाँडर किंवा डीएमईच्या अँटेनापासून एक मीटर आणि शक्य तिथे दोन; व्हीएचएफ अँटेनापासून अर्धा-पाऊण मीटर; आणि कुठल्याही उभ्या धातूच्या वस्तूपासून, उदाहरणार्थ तापमापकाच्या दांड्यापासून किंवा चाकाच्या पायापासून, किमान एक तरंगलांबी. प्रोपेलर फिरताना लहरी कापत राहतो, त्यामुळे नाकाजवळची जागा शेवटची समजावी.

ज्या विमानात डीएमई, ट्रान्सपाँडर आणि १०३० वर स्वतः प्रश्न विचारणारी सक्रिय ट्रॅफिक यंत्रणा अशी तिन्ही आहेत, तिथे केवळ अंतराने भागत नाही. तिथे या यंत्रांमध्ये सप्रेशनची एक वायर जोडलेली असते. एक बोलू लागले की ते या वायरवरून इतरांना क्षणभर कान झाकायला सांगते. नवीन यंत्र बसवताना ही वायर जोडायची राहून गेली तर सगळी यंत्रे सुरू दिसतात, दिवे लागतात, आणि पडद्यावर अधूनमधून नसलेली विमाने उगवतात. अशा यंत्रणेचा दिशादर्शक अँटेना विमानाच्या मध्यरेषेवर, बाण पुढे करून बसतो आणि त्याच्या केबलींच्या लांबीत पुस्तिकेत सांगितलेला मेळ राखावा लागतो. तो बिघडला तर डावीकडचे विमान उजवीकडे दाखवले जाऊ शकते.

नसलेल्या विमानाचे आणखी एक कारण अँटेनाशी संबंधित नाही, पण दोष मात्र अँटेनावर ढकलला जातो. प्रत्येक विमानाच्या ट्रान्सपाँडरला २४ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. भारतीय विमानांचा पत्ता सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीने लिहिला तर ८० ते ८३ या जोड्यांपैकी एकीने सुरू होतो. हा पत्ता ट्रॅफिक यंत्रात भरला नाही तर ते आपल्याच विमानाला परके समजते आणि आपल्याच उंचीवर, अगदी अंगाला खेटून कोणीतरी उडत असल्याचा इशारा देत राहते. अँटेना हलवण्याआधी हे तपासावे.

पाचवी पायरी: जीपीएसची राखण

ट्रॅफिक यंत्राला स्वतःचे स्थान कळले नाही तर ते बाकीच्यांचे स्थान सांगून उपयोग नाही. जीपीएसचा संकेत अतिशय क्षीण असतो आणि व्हीएचएफ रेडिओ बोलताना त्याच्या फ्रिक्वेन्सीचे पूर्ण पटीतले अंशही थोडेफार बाहेर पडतात. १२१.१७५ ला १३ ने गुणले की १५७५.२७५ येते, १३१.२७५ ला १२ ने गुणले की १५७५.३ येते, आणि हे दोन्ही आकडे जीपीएसच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून बसवणीनंतर १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या फ्रिक्वेन्सींवर, नियंत्रण कक्षाची संमती घेऊन, प्रत्येकी अर्धा मिनिट प्रसारण करून जीपीएसचे उपग्रह गळतात का, ते पाहण्याची रूढ चाचणी आहे. गळत असतील तर जीपीएसचा अँटेना व्हीएचएफपासून दूर न्यावा. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि काही एलईडी दिवेही असाच गोंधळ घालतात. संशय आला की एकेक बंद करत जावे.

सहावी पायरी: केबल आणि तिची टोके

जागा उत्तम आणि केबल वाईट, हे मी अनेकदा पाहिले आहे. १०९० मेगाहर्ट्झला साध्या आरजी-५८ केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये अर्ध्या डेसिबलहून अधिक शक्ती जाते, म्हणून चार मीटरची केबल गुंडाळून पॅनेलमागे कोंबण्यापेक्षा ती मापात कापावी आणि शक्य तर आरजी-४०० वापरावी. केबल वळवताना वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या पाचपटीहून कमी होऊ देऊ नये. साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या केबलला हे अडीच सेंटिमीटर होतात, आणि वारंवार हलणाऱ्या ठिकाणी पाच धरावे. ट्रान्सपाँडरची केबल आणि ट्रॅफिकची केबल एकाच पट्ट्याने बांधून नेऊ नये.

कनेक्टरच्या बाबतीत एका सापळ्याची आठवण देतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या वायफायच्या अँटेनाला बहुधा आरपी-एसएमए जोड असतो आणि यंत्राला साधा एसएमए. आटे एकमेकांत अगदी सुरेख बसतात, पण एका जोडीत मधली पिन दोन्हीकडे नसते, तर दुसऱ्या जोडीत दोन पिना समोरासमोर भिडून एक मोडते. घट्ट बसले म्हणून जुळले असे समजू नये. जोडण्याआधी दोन्ही तोंडे भिंगाखाली पाहावीत, मधली पिन एका बाजूला आणि खळगा दुसऱ्या बाजूला आहे, हे डोळ्यांनी खात्री करून घ्यावे.

सातवी पायरी: पत्र्याशी घट्ट संबंध

अँटेनाच्या बुडाखालचा रंग गोलाकार खरवडून धातू उघडा करावा, त्याला गंजरोधक प्रक्रिया द्यावी आणि बूड व कातडी यांमधला रोध काही मिलिओहमच्या आत, साधारण अडीच-तीनपर्यंत, आहे का ते मिलिओहम मीटरने पाहावे. कडेला सीलंट लावावा. आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा जोड सर्वांत आधी बिघडतो. विमान कोकणपट्टीत उभे राहणार असेल तर तो दर पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावा.

आठवी पायरी: तात्पुरती बसवणी आणि चाचणी

भोक पाडण्याआधी पुठ्ठ्याचा, खऱ्या मापाचा अँटेना चिकटवून दरवाजा, कॅनोपी, फ्लॅप आणि आच्छादन त्याला घासत नाहीत ना, ते पाहावे. कायम फेरफार कोणत्या मंजूर आराखड्यावर होणार आणि त्यावर कोणाची सही होणार, हेही इथेच निश्चित करावे. प्रमाणित विमानावर हे काम सीएआर-६६ या नागरी विमानवाहतूक नियमानुसार बी-२ (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा) परवाना असलेल्या अभियंत्याच्या देखरेखीखालचे आहे, हौशी हाताचे नव्हे.

उड्डाण चाचणीला मी सर्वाधिक महत्त्व देतो, कारण अँटेनाचा अर्धवट बिघाड स्वतःहून कळत नाही. कार्बनच्या एका विमानात यंत्र पॅनेलमागे, अँटेनासकट, बसवलेले होते. हिरवा दिवा लागत होता, जीपीएस मिळत होते, आणि मालक एक संपूर्ण हंगाम समाधानी होते. शेजारच्या विमानातल्या यंत्रावर पाहिले तेव्हा कळले की, हे कार्बनचे विमान सुमारे एक किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसत होते. प्रत्येकी शंभर नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटरने) समोरासमोर येणारी दोन विमाने सेकंदाला सुमारे १०३ मीटर जवळ येतात, म्हणजे एक किलोमीटरला दहा सेकंदही मिळत नाहीत. आणि समोरचे विमान दिसण्यापासून आपले विमान वळायला लागेपर्यंत १२.५ सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाचे परिपत्रक सांगते. अँटेना पॅनेलमागून काढून काचेच्या कॅनोपीला लावल्यावर तेच विमान तेच यंत्र घेऊन कितीतरी दूरून दिसू लागले.

चाचणीसाठी दुसऱ्या विमानाशी आधी ठरवून, सुरक्षित उंचीचा फरक राखून, त्याला एका ठरावीक अंतरावर ठेवावे आणि आपण सावकाश पूर्ण वर्तुळ घ्यावे. दर तीस अंशांना ते दिसते की नाही, हे मागे बसलेल्याने लिहावे. वैमानिकाने लिहू नये, त्याने बाहेर पाहावे. वळताना पंख कलतो आणि अँटेनाही कलतो, म्हणून शक्य तर हेच मोजमाप सरळ उडताना चार दिशांनीही घ्यावे. फ्लार्म असेल तर उड्डाणाची नोंद रेंज विश्लेषकात टाकून दिशानिहाय आकृती मिळते. एका उड्डाणावर विसंबू नये, अनेक उड्डाणांची नोंद एकत्र करावी. कुठल्याही दिशेला तीन किलोमीटरपेक्षा कमी अंतर आले तर मी काम संपले असे मानत नाही. समोरून येणाऱ्या विमानासाठी तीन किलोमीटर म्हणजे जेमतेम एकोणतीस सेकंद.

एखाद्या दिशेला खड्डा आढळला तर आधी कनेक्टर आणि केबल, मग अँटेनाचा उभेपणा, मग सावलीची वही, आणि सर्वांत शेवटी जागा, या क्रमाने शोध घ्यावा. तरीही खड्डा राहिला आणि यंत्रात दुसऱ्या अँटेनाची सोय असेल, तर तो पोटाखाली किंवा शेपटीकडे, पहिल्याच्या सावलीत बसणाऱ्या भागात लावावा. पहिल्याशेजारी लावलेला दुसरा अँटेना त्याच सावलीत उभा राहतो. हे सगळे आकडे, अंतरे मोजलेली तारीख, केबलची लांबी आणि बुडाचा रोध विमानाच्या नोंदवहीत लिहून एक प्रत बाकावरच्या फाइलीत ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी कोणीतरी घाट चढण्यापूर्वी ती उघडून पाहील.